सोलापुरात गोधडीची भिशी कशी सुरू करावी

गोधडी एकटीनेही शिवता येते आणि आपल्या आज्यांपैकी अनेकींनी ती तशीच शिवली. परंतु सुमारे सहा फूट रुंद आणि साडेसात फूट लांब अशा गोधडीत ओळींमध्ये इंचभर अंतर ठेवले, तरी दीडशे मीटरहून अधिक लांबीचा धावदोरा, म्हणजे सुई वर-खाली करत घातलेला साधा टाका, घालावा लागतो. नवख्या हाताने तासाला जेमतेम दीड-दोन मीटर होतात. म्हणजे एकटीला ऐंशी-नव्वद तास लागणार, आणि तेवढ्या काळात बहुतेकींची पहिली गोधडी अर्धवट राहून माळ्यावर जाते. तेच काम सहा जणींनी एका सतरंजीभोवती बसून केले, तर आठवड्याला दोन तासांच्या आठ बैठकांत, म्हणजे दोन महिन्यांत पुरे होते.

या हिशेबातूनच आमच्या गटाला भिशीची कल्पना सुचली. भिशीत सगळ्या जणी पैसे घालतात आणि दर महिन्याला चिठ्ठी निघेल तिला ते मिळतात. येथे सगळ्या जणी टाके घालतात आणि दर दोन महिन्यांनी, चिठ्ठीने जिची पाळी ठरली असेल तिच्या घरी गोधडी जाते. सहा जणी, बारा महिने, सहा गोधड्या. पूर्वी हातात सुई न धरलेल्या व्यक्तीलाही अशा गटात सामील होता येते किंवा असा गट उभा करता येतो. त्यासाठी काय करावे आणि कोणत्या चुका टाळाव्यात, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

आधी माणसे, मग कापड

सुरुवात पाच किंवा सहा जणींनीच करावी. चौघींहून कमी असल्या तर एखादी आजारी पडताच काम थांबते आणि आठांहून जास्त झाल्या तर एका गोधडीभोवती गुडघे मावत नाहीत. सगळ्या मैत्रिणीच असाव्यात असा आग्रह धरू नये. आमच्या गटातील दोघींना मी पहिल्या बैठकीपूर्वी केवळ जिन्यात पाहिले होते. एकमेकींना आधीपासून ओळखणाऱ्या जणी बोलण्यात रमतात आणि काम मागे पडते. दोन-तीन अनोळखी चेहरे असले, म्हणजे सुरुवातीचे अवघडलेपण घालवण्यासाठी तरी हात चालू राहतात. वयाचे अंतर असेल तर फारच चांगले, कारण ज्यांना गोधडी येते त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही आणि ज्यांना दोरा ओवता येतो त्यांना गोधडी येत नाही.

बैठकीचा वार ठरवताना सोलापूरकरांना एक गोष्ट सांगण्याची गरज नसावी, तरीही सांगते: नळाला पाणी येण्याच्या दिवशी बैठक ठेवू नये. पाणी काही दिवसांआड येते आणि त्या दिवशी घरातली बाई भांडी भरण्यात गुंतलेली असते. पाण्याचा दिवस दर आठवड्याला सरकत जातो, म्हणून ठरलेला वार न ठेवता ‘पाण्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीन ते पाच’ असे ठरवणे आम्हाला सोयीचे पडले. निरनिराळ्या भागांत राहणाऱ्या जणी असतील, तर जिच्या घरी बसायचे तिच्या पाण्याचा दिवस धरावा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते आणि नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेयाचा रथ निघतो. त्या दिवसांत गट मोकळा सोडावा.

गोधडीला काय म्हणावे, हा प्रश्नही पहिल्याच दिवशी निघतो. आमच्या सतरंजीवर मोहोळकडची वहिनी तिला वाकळ म्हणते, अक्कलकोटकडच्या कानडी बोलणाऱ्या काकू कौदी म्हणतात आणि पूर्व भागातल्या पद्मशाली घरातील अक्का बोंत म्हणतात. आम्ही कोणताही एक शब्द ठरवला नाही. नावांबरोबर पद्धतीही बदलतात, त्यामुळे ‘तुमच्याकडे कोपरा कसा वळवतात?’ हा प्रश्न नव्या गटात बोलणे सुरू करण्यास पुरेसा ठरतो.

कापड कुठून आणावे आणि कसे निवडावे

१८७७ साली ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली, तेव्हापासून हे शहर कापडावर जगत आले आहे. गिरण्या गेल्या, तरी चादर आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग आहेत, गणवेश शिवणारे कारखाने आहेत आणि त्यांच्या दारात कतरणींची पोती भरलेली असतात. असे असूनही पहिल्या गोधडीसाठी घरातील कपाटच उघडावे, असे माझे ठाम मत आहे. वापरून, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीतून सुई जशी सहज जाते तशी नव्या कापडातून जात नाही, आणि जुने कापड जितके आटायचे तितके आधीच आटलेले असते.

आमची विभागणी अशी आहे. जिची पाळी असेल तिने दोन जुन्या सुती साड्या द्यायच्या. साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरपेक्षा थोडी कमी रुंद असते. फॉल काढून तिचे सुमारे १.८ मीटर लांबीचे तीन तुकडे करावेत आणि दोन तुकडे रुंदीच्या बाजूने जोडावेत, म्हणजे १.८ मीटर बाय २.२५ मीटरचा एक थर तयार होतो. दोन साड्यांचे सहा तुकडे होतात, म्हणजे तीन थर: एक खालचे अस्तर आणि दोन आतले. वरचा चौथा थर मात्र सगळ्यांच्या कापडाचा असतो. त्यासाठी २५ सेंटिमीटरचे ८० चौकोन लागतात, म्हणून प्रत्येकीने तेरा-चौदा चौकोन कापून आणावेत. चारही बाजूंनी जेमतेम सव्वा सेंटिमीटर शिवणीत गेल्यावर आडवे आठ आणि उभे दहा चौकोन त्याच मापात बरोबर बसतात. मुलाचा शाळेचा सदरा, लेकीचा परकर, सासऱ्यांचे धोतर, उशीचा जुना अभ्रा, यांपैकी काहीही चालते.

सुती काय आणि मिश्र काय, हे हाताला कळत नसेल, तर कडेचा एक धागा काढून स्टीलच्या ताटलीत पेटवून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. पॉलिएस्टरचे कापड निसरडे असते, टाक्यात सरकते आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात अंगाला चिकटते, म्हणून ते आत घालू नये. गणवेशाची कतरण बहुधा मिश्र धाग्याची असते. तिचा गडद निळा आणि खाकी रंग वरच्या थरात फार उठून दिसतो, त्यामुळे चार-सहा चौकोनांपुरती ती घ्यावी. जुनी सोलापुरी चादर आत भरण्याचा मोह जवळजवळ प्रत्येक नवखीला होतो. तो टाळावा. चादरीची वीण इतकी घट्ट असते की सुई प्रत्येक टाक्याला अडते, बोटे दुखू लागतात आणि ओली झालेली गोधडी दोघींनाही उचलत नाही. घरात पुरेशा सुती साड्या नसतील, तर चाटी गल्लीतून मांजरपाट घ्यावा आणि तो दोनदा धुऊन मगच कापावा.

रंग जातो की नाही, हे पाहण्यासाठी पांढरे फडके ओले करून कापडावर जोरात घासावे. फडक्याला रंग लागला, तर तो तुकडा बाजूला ठेवावा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो यावर विसंबू नये. गडद लाल रंगाचा एकच तुकडा अख्ख्या गोधडीला गुलाबी डाग देऊ शकतो.

कधी एखादी मैत्रीण आपल्या गेलेल्या आईची साडी घेऊन येते. आमच्याकडे अशी पहिली साडी आली तेव्हा ती हिरवी, बारीक चौकटीची होती आणि तिच्या पदराच्या टोकाला अजून गाठ होती. त्या गाठीत एक वेलदोडा निघाला. अशा कापडाला इतर कोणीही कात्री लावू नये. जिची साडी आहे तिनेच कापावी, आणि तिला कापवत नसेल तर ती अखंड घडी करून आतल्या थरात, डोक्याकडच्या बाजूला ठेवावी. ती बाहेरून दिसत नाही, परंतु आहे हे तिला ठाऊक असते.

मांडणी: एक पूर्ण बैठक यासाठी राखावी

नव्या गटांना हा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, मला मात्र सगळ्या बैठकांत हाच अधिक आवडतो. जमीन झाडून, पुसून, कोरडी करून तिच्यावर ८० चौकोन पसरावेत. नियम एकच ठेवावा: पहिली पंधरा मिनिटे कोणीही बोलायचे नाही, फक्त तुकडे हलवायचे. एकीने ठेवलेला तुकडा दुसरीने उचलला तरी चालेल. मग एकेकीने स्टुलावर उभे राहून किंवा जिन्याच्या चार पायऱ्या चढून वरून पाहावे. जवळून सुंदर दिसणारी फुलांची नक्षी वरून नुसती करडी दिसते आणि कोणी लक्ष न दिलेला पिवळा अभ्रा सगळ्यांच्या आधी डोळ्यांत भरतो. गडद तुकडे एका कोपऱ्यात साठले असतील तर ते विखरावेत. साडीचे काठ हाती असतील तर ते उभ्या ओळीत लावून पाहावेत.

पहिली गोधडी चौकोनांचीच करावी, कारण मोजमाप चुकत नाही. दुसऱ्या गोधडीपासून चौकोन मोडण्यास हरकत नाही. उत्तर कर्नाटकात हल्याळ आणि यल्लापूरच्या भागात राहणाऱ्या सिद्दी स्त्रिया लहान-मोठे तुकडे कडेपासून आत लावत जातात आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची छोटी ‘फुले’ बसवतात. फुलांवाचून त्यांना गोधडी उघडी वाटते. अमेरिकेत अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतात वापरलेल्या जीर्ण कपड्यांतून, आधी काही न आखता शिवलेल्या गोधड्या २००२ पासून तेथील मोठ्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या. कापडाचा आकार आहे तसा ठेवून त्याच्याशेजारी काय शोभेल ते शोधणे, ही दोन्हीकडची रीत आहे आणि आपल्याकडच्या जुन्या वाकळेतही तीच दिसते.

मांडणी ठरली की मोबाइलवर तिचे छायाचित्र काढावे, चौकोन ओळीनुसार गोळा करून दोऱ्यात ओवावेत आणि जिच्याकडे शिलाई मशीन आहे तिने ते घरी जोडून आणावेत. जोडणी मशीनवर करण्यात कसलाही कमीपणा नाही. गोधडी ज्याने टिकते आणि ज्यासाठी आपण एकत्र बसतो, ते धावदोऱ्याचे काम हाताचे असले म्हणजे झाले.

कच्चे टाके आतून बाहेर, पक्के टाके बाहेरून आत

पुढच्या बैठकीत अस्तर जमिनीवर उलटे पसरावे, त्यावर आतले दोन थर आणि सर्वांत वर जोडलेला थर सुलटा ठेवावा. चारही कोपऱ्यांवर वरवंटा, पोळपाट, खलबत्ता असे जे जड हाताशी असेल ते ठेवून कापड ताणून घ्यावे. मग मध्यापासून कडेकडे, वितीवितीच्या अंतराने लांब कच्चे टाके घालावेत. मध्यापासून निघाले म्हणजे सुरकुत्या बाहेर ढकलल्या जातात. कडेपासून निघाले तर त्या मध्यभागी जमून तेथे फुगा येतो, आणि तो नंतर कशानेही बसत नाही. या कामात घाई केलेली गोधडी शेवटपर्यंत त्रास देते.

पक्क्या कामासाठी मोठ्या नेढ्याची मध्यम लांब सुई, जाडसर सुती दोरा आणि मधल्या बोटासाठी अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी) एवढेच लागते. दोरा कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीहून फार मोठा घेऊ नये, नाहीतर त्याला पीळ पडून गाठी बसतात. तो मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्यावा. चारही कडा आत दुमडून शिवल्या, की सगळ्या जणींनी चार बाजूंना बसावे आणि कडेपासून इंचभर आत पहिली ओळ धरावी. गाठ दोन थरांच्या मध्ये लपवावी. दोन-तीन टाके सुईवर एकदम घेऊन मग सुई ओढावी आणि खालचा हात अस्तराखाली ठेवून प्रत्येक टाका आरपार गेला आहे ना, हे बोटाने तपासावे. टाका अर्ध्या सेंटिमीटरचा आला तर उत्तम, एक सेंटिमीटरचा आला तरी गोधडी टिकते. प्रत्येकीने आपल्या बाजूची ओळ कोपऱ्यापर्यंत न्यावी आणि शेजारणीची ओळ जेथे वळते तेथे आपली सुई आणून मिळवावी. ओळ पुरी झाली की इंचभर आत पुढची ओळ, अशी चौकोनात चौकोन करत मध्यावर यावे.

सुया बैठकीच्या सुरुवातीला मोजून द्याव्यात आणि शेवटी मोजून घ्याव्यात. एक कमी भरली, तर ती सापडेपर्यंत कोणी उठू नये. ज्या घरात लहान मूल रांगते तेथे याला पर्याय नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी गोधडी घडी करून बाजूला ठेवल्यावरच काढावी, कारण चटणीच्या तेलाचा डाग सुती कापड सोडत नाही.

अगदी नवख्या मैत्रिणीला पहिल्याच दिवशी मोठ्या गोधडीवर बसवू नये, असे काही जणी म्हणतात आणि तिला सरावासाठी बाळाचे दुपटे देतात. मला हे पटत नाही. एकटीला वेगळे काम दिले की ती एकटीच पडते. तिला सर्वांत अनुभवी हाताच्या डावीकडे बसवावे आणि तीच ओळ द्यावी.

दुसरीचा टाका उसवू नये

या लेखातील ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे आणि ती मी माझ्या चुकीतून शिकले. आमच्या पहिल्याच गोधडीत अक्कांचे टाके बोटाच्या पेराएवढे लांब आणि किंचित तिरके येत होते. त्यांना जवळचे नीट दिसत नव्हते. गोधडी त्या आठवड्यात माझ्या घरी होती. एके रात्री मी त्यांची हातभर ओळ उसवली आणि बारीक टाक्यांनी पुन्हा भरली. मला वाटले, गोधडी चांगली दिसेल आणि कोणाला कळणारही नाही. पुढच्या बैठकीत अक्का आपल्या जागी बसल्या, त्यांनी ओळीवरून अंगठा फिरवला, थांबल्या, पुन्हा फिरवला. त्या काही बोलल्या नाहीत. सुई उशीत खोचली आणि त्या दिवशी नुसत्या बसून राहिल्या. पुढच्या तीन बैठकांना त्या आल्या नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले आणि केलेले सांगितले. त्या म्हणाल्या, “उसवायचंच होतं तर मला सांगायचं ना गं. मीच उसवलं असतं.” पुढच्या बैठकीला त्या आल्या. माझे ते बारीक टाके अजून त्या गोधडीत आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना अक्कांचे लांब टाके आहेत; मला ती जागा अंधारातही हाताला लागते.

म्हणून आमच्याकडे असे ठरले आहे: टाका सैल असेल आणि गोधडी सुटण्याची भीती असेल, तर जिचा आहे तिला बैठकीतच दाखवावे, तो केवळ वाकडा असेल, तर काहीही बोलू नये. दोन-तीन गोधड्यांनंतर कोणता टाका कोणाचा, हे सगळ्या जणींना न सांगता ओळखता येऊ लागते.

बोलण्यालाही असाच एक नियम लागतो. मान खाली आणि नजर टाक्यावर असली, की एरवी समोरासमोर न बोलले जाणारे बोलले जाते. नवऱ्याचे सुटलेले काम, मुलीचे परत आलेले स्थळ, छातीतली गाठ, असे सगळे आमच्या सतरंजीवर एकेका दुपारी आले आहे. ऐकणाऱ्यांनी सुई थांबवू नये. सुई थांबली की बोलणारी गप्प होते. सल्ला तिने मागितला तरच द्यावा. आणि जे ऐकले ते गल्लीत नेऊ नये. एकदा नेले गेले, तर पुढे फक्त भाज्यांच्या भावावर बोलणे उरते.

पैसे, पाळी आणि शेवट

दोरा, सुया आणि चहा यांसाठी दर बैठकीला दहा-दहा रुपये डब्यात टाकावेत. विक्रीच्या ऑर्डरी पहिल्या वर्षी घेऊ नयेत. तारीख ठरली की सांभाळून घेतलेला वाकडा टाका अडचण वाटू लागतो आणि गट मोडतो. पाळीच्या चिठ्ठ्या पहिल्याच दिवशी काढून वहीत लिहाव्यात. मात्र एखादीच्या घरी बाळंतपण किंवा मोठे आजारपण असेल, तर तिची पाळी पुढे घ्यावी आणि जिची मागे गेली तिने ते मोकळ्या मनाने मान्य करावे.

मध्यावर शेवटचा हातभर चौकोन उरतो, तेव्हा तेथे दोघींपेक्षा जास्त हात पोहोचत नाहीत. तो जिची गोधडी आहे तिने आणि गटातील सर्वांत नव्या मैत्रिणीने मिळून भरावा. त्यानंतर सगळे कच्चे टाके काढावेत. पहिली धुणी घरातल्या बादलीत करू नये. गच्चीवर मोठ्या घमेल्यात थंड पाण्यात साध्या साबणाने, पायांनी तुडवून धुवावी, पिळू नये, आणि दोघींनी दोन टोके धरून दोरीवर दुहेरी टाकावी. खेड्यात नवरात्रापूर्वी सगळ्या वाकळा ओढ्यावर नेऊन धुण्याची रीत आहे; आम्हीही त्या सुमारास, पाण्याच्या दिवशी, सहाही जणींच्या गोधड्या एकाच गच्चीवर धुतो. पहिल्या धुणीनंतर कापड थोडे आखडते, ओळींमध्ये बारीक चुण्या उठतात आणि गोधडीला तिचा खरा मऊपणा येतो. ती उन्हात वाळत असताना खाली सतरंजीवर पुढच्या पाळीच्या दोन साड्यांचा फॉल काढायला बसावे.